लिस्बनचा शनिवार-रविवार : युरोपात शिकणाऱ्या गोंयकार मुलांसाठी

दरवर्षी चवथ झाली की फोंडा, डिचोली, म्हापसा, पेडणे इथली मुलं बॅगा भरून जर्मनीला, फ्रान्सला, नेदरलँड्सला शिकायला जातात. पहिले दोन महिने खोली शोधणं, बँकेचं खातं, वर्ग यांत निघून जातात. मग नोव्हेंबरच्या सुमारास फोन येतो, "शनिवार-रविवार मोकळा आहे, तिकीट स्वस्त मिळतंय, कुठे जाऊ?" मी स्वतः तिकडे शिकून आलो आणि आता इथे फोंड्यात मुलांना कागदपत्रांच्या कामात मदत करतो. गोव्याच्या मुलाला माझं उत्तर ठरलेलं आहे : पहिली सहल लिस्बनची करा.

कारण उघड आहे. 1510 पासून 1961 पर्यंत, साडेचारशे वर्षं गोव्याचा कारभार ज्या शहरातून चालला ते शहर विमानाने तीन तासांवर असताना बघायचं नाही, हे मला पटत नाही. पण नुसती कौतुकाची नजर घेऊन गेलात तर अर्धंच शहर दिसेल. जिथे वास्को द गामाची कबर आहे, त्याच शहरात गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांच्या कैदेच्या खुणाही आहेत. त्या दोन्ही बघायच्या तर बेत नीट आखायला हवा. दोन दिवसांत शहर उरकायला जाऊ नका. दोन भाग निवडा आणि ते पायी बघा.

आधी कागद

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, इटली, पोलंड असल्या शेंगेन देशातलं (म्हणजे आपसात सीमा-तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातलं) विद्यार्थ्याचं राहण्याचं कार्ड किंवा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा तुमच्याकडे चालू मुदतीचा असेल, तर पोर्तुगालसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. दर 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत इतर शेंगेन देशांत फिरता येतं. मात्र कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. फोनमधला फोटो चालत नाही.

खरी अडचण असते ती कार्ड नूतनीकरणाला दिलेल्या मुलांची. हातात तात्पुरता कागद असतो आणि त्याच्या जोरावर देशाबाहेर जाता येईल असं वाटतं. असे कागद वेगवेगळ्या प्रकारचे असतात. काहींवर परत आत येता येतं, काहींवर नाही. तुमच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. उत्तर आलं नाही तर सहल पुढे ढकला. स्वस्त तिकिटाचे पन्नास युरो गेले तरी चालतील, पण राहण्याचा परवाना अडकला तर सगळं सत्र पणाला लागतं.

आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीत. डब्लिन किंवा लंडनला शिकणाऱ्यांना शेंगेन व्हिसा रीतसर काढावा लागतो. त्याचं शुल्क 90 युरो आहे आणि भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. त्यांनी हा बेत निदान दोन-तीन महिने आधी हाती घ्यावा. एवढा खर्च आणि खटपट करायची तर दोन दिवसांऐवजी आठवडाभर जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आरोग्य विम्याचंही बघून ठेवा. जर्मनीतला सार्वजनिक विमा असेल तर तुमच्या विमा कार्डाच्या मागच्या बाजूलाच युरोपीय आरोग्य कार्ड छापलेलं असतं. पोर्तुगालच्या सरकारी दवाखान्यात ते चालतं. खासगी विमा असेल तर देशाबाहेर लागू होतो का, ते कंपनीला विचारून घ्या.

तिकीट आणि बॅग

स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ तिकिटात सीटखाली मावणारी एकच छोटी बॅग असते. साधारण 40 × 30 × 20 सेंटिमीटरचं माप धरून चाला, पण आपल्या कंपनीचं नेमकं माप तिकिटाच्या अटींत वाचा. गेटवर बॅग मोठी निघाली तर जो दंड बसतो तो कधी कधी तिकिटापेक्षा जास्त असतो. कॉलेजची रोजची सॅक पुरते. दोन दिवसांना दोन टी-शर्ट, एक जाड जॅकेट अंगावरच, चार्जर, औषधं आणि रिकामी पाण्याची बाटली एवढंच घ्या. लिस्बनचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली कुठेही भरून घेता येते.

हातातल्या बॅगेत द्रव पदार्थांना बहुतेक विमानतळांवर 100 मिलीलिटरची मर्यादा असते. लोणचं, तूप, ओली चटणी हे सगळं त्यांच्या लेखी द्रवच. आईने पाठवलेली बाटली काउंटरवर टाकून देताना जीव तुटतो, म्हणून ती खोलीवरच ठेवा. चिवडा, लाडू, पोळी-सुकी भाजी बिनदिक्कत न्या.

ऑनलाइन चेक-इन झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. युरोपबाहेरचा पासपोर्ट असणाऱ्यांचे कागद काउंटरवर पाहण्याची काही कंपन्यांची रीत आहे. ते झालं नाही तर गेटवर अडवतात. म्हणून विमानतळावर दोन तास आधी पोचा आणि आधी काउंटरवर जाऊन विचारा.

वेळेबद्दल एक गोष्ट. लिस्बनची मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते आणि रात्री एकपर्यंत चालते. सोमवारी पहाटे सहाचं विमान स्वस्त दिसतं, पण त्यासाठी टॅक्सी करावी लागते किंवा रात्र विमानतळाच्या खुर्चीवर काढावी लागते. रविवारी रात्रीचं विमान थोडं महाग पडलं तरी घ्या. पोर्तुगालचं घड्याळ जर्मनी-फ्रान्सच्या एक तास मागे आहे, हेही परतीचं गणित करताना लक्षात असू द्या.

कुठला आठवडा निवडावा? मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस येतो-जातो, पण जर्मनीतल्या थंडीतून आलेल्याला तिथली हवा सुखाचीच वाटते. 13 जून हा सांत अँतोनियुचा दिवस. हा संत लिस्बनमध्येच जन्मला, आणि आदल्या रात्री सगळं जुनं शहर रस्त्यावर येऊन सार्डिन मासे भाजत असतं. तो सोहळा बघायचाच असेल तर खोली काही महिने आधी धरा. नसेल तर तो आठवडा टाळा.

राहायचं कुठे

विद्यार्थ्यांनी हॉस्टेलच बघावं. सामाईक खोलीतली खाट हंगामानुसार 20 ते 35 युरोला पडते. त्यावर माणशी दर रात्रीला 4 युरो नगरपालिकेचा पर्यटन कर असतो, तो बहुतेक ठिकाणी दारात वेगळा घेतात. हॉस्टेलवाले पासपोर्ट मागून नोंद करतात. परदेशी पाहुण्याची नोंद करणं त्यांना बंधनकारकच आहे, म्हणून त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओळखीच्या मुलाच्या खोलीवर उतरणार असाल तर मात्र ती नोंद आपोआप होत नाही. दुसऱ्या शेंगेन देशातून आल्याची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा नियम आहे, एवढं माहीत असू द्या.

जागा निवडताना नकाशावरचं अंतर बघू नका, चढ बघा. लिस्बन डोंगरांवर वसलेलं आहे. स्टेशनपासून 400 मीटरवरचं हॉस्टेल म्हणजे कधी कधी 150 पायऱ्या असतात. बाइशा, रोसियु, मार्तीं मोनीश, इंतेंदेंत, आरोइयुश हे भाग मेट्रोला जवळ आणि बरेचसे सपाट आहेत. बाइरो आल्तु हा भाग रात्रभर जागा असतो, तिथे झोप विसरा.

खर्चाचा अंदाज

विमानाचं जाण्या-येण्याचं तिकीट आधी काढलं तर 60 ते 120 युरोंत बसतं. दोन रात्रींची खाट करासकट 50 ते 80, खाणं 40 ते 45, प्रवास 12 ते 15, प्रवेश तिकिटं 25 च्या आसपास. विमान सोडून दीडशे युरो हाताशी ठेवले तर ओढाताण होत नाही. युरोचे शंभर रुपये धरून घरच्यांना सांगितलंत की त्यांनाही अंदाज येतो. अजून भारतातलंच कार्ड वापरत असाल तर मशीन "रुपयांत घ्यायचे की युरोत" असं विचारतं. युरोच निवडा, रुपयांचा दर नेहमी तोट्याचा असतो. पैसे काढायला 'मल्तिबांकु' लिहिलेली मशिनं वापरा.

शुक्रवारी रात्री

सगळी विमानं टर्मिनल 1 वरच उतरतात. शेंगेनमधून आलात तर पासपोर्ट तपासणी नसते, सरळ बाहेर. विमानतळातच मेट्रोची लाल लाईन आहे. ती धरून आलामेदाला उतरा, तिथून हिरवी लाईन घेतली की मार्तीं मोनीश, रोसियु, बाइशा-शियादो एका ओळीत येतात.

मशिनवर 'नावेगांत' नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड 50 सेंटला मिळतं. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यात 'झॅपिंग' या प्रकाराने 10 युरो भरा. मेट्रो, बस, ट्राम, लोकल गाडी आणि नदीवरची फेरीबोट, सगळीकडे त्याच कार्डातून थोडे थोडे पैसे वजा होतात. 24 तासांचा पासही मिळतो, पण तो परवडायला दिवसात चार-पाच फेऱ्या व्हाव्या लागतात, आणि या बेतात तुम्ही बहुतेक वेळ पायीच असणार आहात. शिवाय एका कार्डावर एका वेळी एकच प्रकार राहतो. पास आणि झॅपिंग दोन्ही हवं असेल तर दुसरं कार्ड घ्यावं लागतं.

मुक्कामी पोचलात की बाहेर भटकायला जाऊ नका. मार्तीं मोनीशच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आणि खानावळी आहेत. भूक असेल तर तिथे डाळ-भात मिळतो. जेवून झोपा. शनिवार लवकर सुरू करायचा आहे.

शनिवार : अल्फामाची टेकडी

बूट चांगले घाला. लिस्बनचे पदपथ गुळगुळीत चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांचे आहेत आणि पाऊस पडला की त्यांवरून पाय सटकतो. सपाट तळाच्या चपला आणि कॅनव्हासचे बूट यांचा तिथे उपयोग नाही. रबरी, खाचांच्या तळाचे बूट लागतात.

सकाळी नऊला रोसियुच्या चौकातून निघा. तिथून नदीकडे जाणाऱ्या बाइशाच्या सरळ, काटकोनात कापलेल्या गल्ल्या बघा. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात, पाठोपाठ आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत हा सगळा भाग नष्ट झाला होता. तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने तो नव्याने आखून बांधून घेतला. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा सांगाडा घातला, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर इमारत लवचीक राहावी. आता टेकडी चढायला लागा. डावी-उजवीकडे वळणाऱ्या गल्ल्या सुरू झाल्या की भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेला जुना भाग, म्हणजे अल्फामा, लागला असं समजा.

28 नंबरच्या पिवळ्या ट्रामचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. माझा सल्ला : ती बाहेरूनच बघा. मार्तीं मोनीशला रांगेत तासभर जातो, आत श्वास घ्यायला जागा नसते आणि पाकीटमार त्याच गर्दीची वाट बघत असतात. बसायचंच असेल तर सकाळी आठच्या आधी बसा. डोंगर चढणाऱ्या रुळांवरच्या डब्यांबद्दलही सांगतो. 3 सप्टेंबर 2025 ला ग्लोरियाचा डबा रुळावरून सुटून 16 जणांचा जीव गेला, आणि ती सेवा बंद झाली. हे डबे चालू असतील असं धरून बेत आखू नका, पायऱ्यांची तयारी ठेवा.

चढावर थोडं वर 'से', म्हणजे लिस्बनचं कॅथेड्रल लागतं. 1147 नंतर बांधायला घेतलेली ही जाडजूड दगडी इमारत पाहायला वीस मिनिटं पुरतात. पण तिच्या जवळच एक साधी, फिकट रंगाची इमारत आहे, तिथे थांबा. हे अल्जूब. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत इथे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, 1965 पर्यंत. 2015 पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं संग्रहालय आहे. पर्यटकांची झुंड शेजारून वरच्या सांव जॉर्ज किल्ल्याकडे जाते आणि इथे आत शांतता असते. एकांतवासाच्या कोठड्या दाखवल्या आहेत. एक फळी टाकली की जागा संपते, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. वसाहतींतल्या लढ्यांवरही माहिती आहे. गोव्याच्या मुलाने इथे तासभर द्यावा. सोमवारी बंद असतं.

आपल्याकडे मुक्तिसंग्राम शिकवतात तो 18 जून 1946 ची मडगावची सभा आणि 19 डिसेंबर 1961 या दोन तारखांत आटोपतो. मधल्या काळात इथून पकडून समुद्रापार नेलेली माणसं होती. त्रिस्ताँव द ब्रागांसा कुन्य यांना शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. मोहन रानडे यांची गोष्ट तर मराठी माणसाने विसरूच नये. मूळचे मनोहर आपटे, सांगलीचे. सावईवेऱ्यात शिक्षक म्हणून आले, गोव्याच्या मुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात ठेवलं. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांची सुटका झाली 1969 च्या जानेवारीत, म्हणजे मुक्तीनंतर सात वर्षांहून अधिक काळाने. हे काशियस उद्या तुमच्या वाटेवर येणार आहे. घरून निघण्याआधी जमलं तर आग्वादचा जुना तुरुंग बघून जा, मग या जागा जास्त कळतील.

अल्जूबमधून बाहेर पडून वर गेलात की सांता लुझिया आणि पोर्ताश दु सोल असे दोन सज्जे लागतात. खाली लाल कौलं, पांढऱ्या भिंती आणि तेजो नदीचं रुंद पात्र. दृश्य फुकट आहे, म्हणून किल्ल्याच्या तिकिटाचे पैसे वाचवा. किल्ल्यावरून इथल्याहून वेगळं फारसं काही दिसत नाही.

शनिवार असल्याचा एक फायदा घ्या. कांपु द सांता क्लारा या चौकात मंगळवारी आणि शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, 'फैरा दा लाद्रा'. जमिनीवर चादर पसरून जुने टाइल, टपाल तिकिटं, काचेचे दिवे, लष्करी बिल्ले, कुणाच्या तरी घरातली छायाचित्रं मांडलेली असतात. वसाहतींच्या काळातली पोस्टकार्डं चाळा. पणजीचं, जुन्या गोव्याचं एखादं हाती लागू शकतं. भाव करायचा, पण सौजन्याने. दुपारनंतर माणसं आवरायला घेतात, म्हणून बारापूर्वी पोचा.

जेवायला काय आणि कसं

दुपारी पर्यटकांच्या रस्त्यावर चित्रांचे मेनू लावलेल्या हॉटेलांत जाऊ नका. आतल्या गल्लीत, कागदी टेबलक्लॉथ आणि हाताने लिहिलेली पाटी असलेली छोटी खानावळ शोधा. तिला 'ताश्का' म्हणतात. पाटीवर 'प्रातु दु दिया', म्हणजे आजची थाळी, 9 ते 13 युरोंत असते. 'मैया दोज़' म्हणजे अर्धा वाढप. तो एका माणसाला भरपूर होतो.

बसल्याबरोबर, तुम्ही काही न मागता, वेटर टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज, कधी सुक्या माशाची पेस्ट आणून ठेवतो. हे फुकट नसतं. हात लावलात की बिलात येतं. नको असेल तर हसून "नाँव, ओब्रिगादु" म्हणा, मुली "ओब्रिगादा" म्हणतात. तो काहीही वाईट न वाटून घेता उचलून नेतो. पाव हवा असेल तर खुशाल ठेवून घ्या, पोदेराचा पाव खाऊन वाढलेल्याला तो आवडतोच. फक्त किती पैसे लागतील ते कळून खा.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. भाजलेला बांगडा किंवा सार्डिन, उकडलेले बटाटे, वर ऑलिव्हचं तेल. चव आपल्यापेक्षा सौम्य असते, म्हणून तिखट सॉस 'पिरी-पिरी' मागा. 'वाका' म्हणजे गोमांस, 'पोर्कु' म्हणजे डुकराचं, 'फ्रांगु' कोंबडी, 'पैश' मासा. हे चार शब्द पाठ असले की पाटी वाचता येते. 'काल्दु वेर्द' हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात सॉसेजचा तुकडा टाकतात. "सें कार्न" म्हणून सांगा.

शिवराक मुलांना एक चांगला आधार आहे. लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे. तिथला समाज बहुतांशी गुजराती, दीव आणि मोझांबिकमार्गे आलेला. मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. वेळ आणि वार आधी फोनवर विचारून जा. गोंयकारांची लिस्बनमधली संस्था म्हणजे 'काझा द गोआ', आल्कांतारा भागात. तिथे कार्यक्रम असेल त्या शनिवारी गेलात तर शाकुती, सोरपोतेल आणि मांडो एकाच छताखाली भेटतील, म्हणून निघण्याआधी त्यांचं कार्यक्रमपत्रक बघा.

संध्याकाळ : नदीपलीकडे

चारच्या सुमारास शियादो भागात उतरा. भूकंपात छप्पर कोसळलेलं कार्मुचं चर्च तसंच उघडं ठेवलं आहे. कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. आत गेला नाहीत तरी बाहेरच्या चौकात थोडा वेळ बसा. 25 एप्रिल 1974 ला सालाझारचा वारस मार्सेलु कायतानु शेजारच्याच बराकीत शरण आला आणि हुकूमशाही संपली.

मग चालत कैश दु सोद्रेला जा आणि कासिल्याशची फेरीबोट धरा. दहा-बारा मिनिटांत पलीकडचा काठ येतो, झॅपिंग कार्डावर काम होतं. रायबंदर-चोडण फेरीची सवय असलेल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको, पण सूर्यास्ताला बोटीतून दिसणारं लिस्बन हे या दोन दिवसांतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर दृश्य आहे. उजव्या हाताचा लाल पूल 1966 मध्ये सालाझारच्या नावाने उघडला आणि क्रांतीनंतर '25 एप्रिल' झाला.

रात्री फादो, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, ऐकायचं तर दोन मार्ग. मोठ्या फादो-गृहात जेवणासकट माणशी 40-50 युरो सहज जातात. अल्फामातल्या छोट्या ताश्कांत हौशी गायक गातात. तिथे एखादं पेय आणि थोडं खाणं घेतलं तर बसू देतात, पण "किमान किती खर्च करावा लागेल" हे दारातच विचारा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि बोलणं थांबवायचं असतं. वेटरसुद्धा जागेवर उभा राहतो. फोन बंद ठेवा.

बाइशात संध्याकाळी कुणी कानाशी येऊन गांजा, चरस पुढे करतं. बहुतेकदा तो माल खोटा असतो. उत्तर न देता चालत राहा. पासपोर्ट आतल्या खिशात, फोन हातात न मिरवता. काही झालंच तर 112, आणि रेश्टावरादोरेशला पर्यटकांसाठी पोलीस ठाणं आहे. भारतीय वकिलात रेस्तेलो भागात, बेलेंच्या वरच्या अंगाला. पासपोर्ट आणि कार्डाची प्रत घरी आणि एका मित्राकडे पाठवून ठेवलेली असली की निम्मं काम सोपं होतं.

रविवार : बेलें आणि काशियस

खोली सोडा, बॅग हॉस्टेलमध्येच ठेवा, बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात. कैश दु सोद्रेवरून कश्काइशकडे जाणारी लोकल पकडा आणि बेलेंला उतरा. सगळ्या लोकल तिथे थांबत नाहीत, फलाटावरची पाटी वाचा. साडेनऊच्या आत पोचायचं.

जेरोनिमुश मठ 1501 च्या सुमारास बांधायला सुरुवात झाली. त्याच्या चर्चमध्ये दारातून आत गेल्यावर दोन कबरी समोरासमोर आहेत. एक वास्को द गामाची, दुसरी कवी लुईश द कामोंइशची. गामा 1524 मध्ये व्हाइसरॉय म्हणून भारतात परत आला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीला वारला. त्याच्या अस्थी 1880 मध्ये इथे आणल्या. कामोंइशनेही काही वर्षं गोव्यात काढली होती. दगडात कोरलेले दोर, प्रवाळ, जहाजांची चिन्हं बघताना हा सगळा थाट पूर्वेच्या मसाल्याच्या व्यापारातून उभा राहिला हे ध्यानात ठेवा. चर्च आणि आतला दुमजली चौक यांच्या रांगा वेगळ्या असतात. चौकाचं तिकीट 18 युरोंच्या घरात आहे, विद्यार्थी सवलत विचारा, आणि ऑनलाइन काढलं तरच जा. रविवारी सकाळी मिस्सा चालू असेल तर चर्च बघायला थांबावं लागतं.

शेजारच्या बागेसमोर उंच खांबावर आफोंसु द आल्बुकेर्कचा पुतळा आहे. 1510 मध्ये गोवा घेणारा तोच. नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक 52 मीटर उंच आहे आणि आताचं बांधकाम 1960 चं. गोवा हातून जायला जेमतेम वर्ष उरलं असताना सालाझारच्या राजवटीने ते उभं केलं, हे माहीत असलं की त्या दगडी चेहऱ्यांचा अर्थ बदलतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याच्यासमोर उभं राहून थोडा वेळ विचार करावा. बेलेंचा बुरूज दुरुस्तीसाठी 2025 मध्ये बंद केला होता. उघडला असेल तरी बाहेरून पुरतो, आत अरुंद जिना आणि लांब रांग असते.

1837 पासून चाललेल्या दुकानातले पश्तैश द बेलें, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या खुसखुशीत वाट्या, खायचे. बाहेरची रांग घेऊन जायच्या गिऱ्हाइकांची असते. आत मोठमोठ्या खोल्या आहेत, तिथे बरेचदा लवकर जागा मिळते. गरम असतानाच वर दालचिनी घालून खा. त्यात अंडं असतं.

आता दुपारचा निर्णय घ्या. दोन रस्ते आहेत, दोन्ही करू नका. पहिला : आल्कांताराचं पूर्वेचं संग्रहालय, 'म्युझेउ दु ओरिएंत'. सोमवार सोडून उघडं असतं. ज्या संस्थेची कचेरी पणजीत फोंतेन्हासला आहे, त्याच ओरिएंत प्रतिष्ठानचं हे संग्रहालय. खाऱ्या कॉड माशांच्या जुन्या गोदामात 2008 ला सुरू झालं. गोव्यात घडवलेलं शिसवी आणि हस्तिदंती काम तिथे जवळून बघता येतं, आणि आपल्या जुन्या घरांतले मंच, कपाटं कुठून कुठे गेली ते कळतं.

दुसरा रस्ता मला जास्त जवळचा. बेलेंहून त्याच लोकलने पुढे जा. नदी रुंदावत समुद्र होते. काशियस स्टेशन आलं की उतरा. तुरुंग आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही, फोटो काढायचा प्रयत्नही करू नका. 1974 च्या क्रांतीनंतर इथल्या राजकीय कैद्यांची सुटका झाली. स्टेशनजवळ लहानसा किनारा आहे, तिथे बसा. पुढची लोकल पकडून कश्काइशला जायचं तर जा, समुद्रात पाय बुडवून या, पण पाणी अटलांटिकचं, उन्हाळ्यातही गार असतं.

सिंत्राचं विचाराल. रोसियुवरून चाळीस मिनिटं, राजवाडे देखणे, आणि नेमक्या त्यामुळेच अख्खा दिवस खातं. ते दुसऱ्या खेपेला ठेवा. तेव्हा वाटेवर केलुझला उतरा. कांदोळीचे धर्मगुरू आबे फारिया तिथल्या राजवाड्याच्या चॅपेलात राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले, शब्द फुटेना, तेव्हा वडिलांनी हळूच "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" म्हणून धीर दिला, असं आपल्याकडे सांगतात तो हाच राजवाडा.

परतताना

स्वस्त कंपन्यांची विमानं बहुतेक टर्मिनल 2 वरून सुटतात. मेट्रो टर्मिनल 1 ला सोडते, तिथून फुकट बस आहे. त्या बसला आणि तपासणीला मिळून अर्धा-पाऊण तास जास्त धरा. टर्मिनल 2 मध्ये खायला फारसं नाही आणि महाग आहे, म्हणून शहरातूनच पाव-चीज बांधून घ्या. वाईनची बाटली हातातल्या बॅगेतून जाणार नाही, सुरक्षा तपासणीनंतरच्या दुकानातून घेतली तर जाते. झॅपिंगचे उरलेले पैसे कार्डातच राहतात. कार्ड वर्षभर चालतं, वर्गातला पुढचा गोंयकार जाणार असेल तर त्याला देऊन टाका.